बंधारा खाजगी, तर खाडी कोणाची?

खारेपाटातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

2016 साली संसदेने कायदा केला आणि आपली अंबा नदी धरमतरच्या खाडीसकट राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 10 झाली. बार्जचा रस्ता देशाचा झाला. त्या बार्जच्या लाटा खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या ज्या मातीच्या बंधाऱ्यावर आपटतात, त्याला मात्र वाली नाही. बंधाऱ्याला खांड, म्हणजे भगदाड, पडली म्हणून अर्ज करा, उत्तर ठरलेलं: ही खारभूमी योजना खाजगी आहे, शासकीय यादीत नाही.

खाजगी म्हणजे कोणाची? पूर्वी शिलोत्रदार बंधारा राखायचा आणि त्यापोटी खातेदारांकडून भात घ्यायचा. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, आणि चरीच्या शेतकरी संपात सहा वर्षं नांगर खाली ठेवणाऱ्यांची आम्ही नातवंडं, त्याबद्दल आमची तक्रार कशी असेल? पण जमीन नावावर करताना बंधारा कोणाच्या गळ्यात, हे कोणी ठरवलं नाही. 1948 चा खारभूमी कायदा झाला, 1979 चा झाला. काही बंधारे शासनाने घेतले, बाकीचे राहिले. का राहिले, ते गावकीत बसून कोणी सांगितलेलं नाही.

खेकड्याच्या बिळातून आधी नुसतं झिरपतं, मग एखाद्या उधाणाला खांड पडते. आत शिरलेलं मीठ एका पावसात धुऊन जात नाही. खांड चार वर्षं तशीच राहिली की शेतात कांदळ उगवतं, आणि 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याला हात लावायची सोय नाही. सातबारावर भात, बांधाच्या आत जंगल! एक सरकारी खातं खांड बुजवत नाही, दुसरं बुजवू देत नाही. (कांदळवनाशी आमचं वैर नाही, बंधाऱ्याबाहेर ते आहे म्हणून लाटेचा जोर मोडतो.)

सगळेच बंधारे सरकारने राखावेत, असा आमचा हट्ट नाही. काही जागा खाडीला सोडाव्याही लागतील. मग तसं जाहीर करा, जमीन रीतसर संपादन करा, मोबदला द्या. यादीत नाव नाही म्हणून फुकटात बुडवू नका. बंधाऱ्यामागे किती घरं, किती विहिरी, किती भात आहे ते मोजा आणि त्यावरून नवी यादी करून चावडीवर लावा. जलमार्गाने माल नेणाऱ्यांकडूनही काठ राखायचा वाटा घ्या.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. येताना सातबाराचा उतारा आणि आपापल्या खांडीचा फोटो आणा. उघाडीची (बंधाऱ्यातल्या पाणी सोडायच्या मोरीची) दारं कुजली असतील तर त्यांचाही.

– खारेपाटातील खातेदार