वंशावळीची वही आणि मतपेटी

राजे गेले तरी राजघराण्याचे वलय लगेच जात नाही. लोकशाहीत त्या वलयाला किती मोल उरते, हे पाहायचे तर दक्षिण कोरियाचे उदाहरण मला फार बोलके वाटते.

तिथे घराणे मोजण्याचे साधन म्हणजे ‘जोकबो’, कुळाची तपशीलवार वंशावळ. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जोकबो आन्दोंगच्या क्वोन कुळाची, १४७६ सालची. आडनावाबरोबर कुळाचे मूळ गावही सांगण्याची तिकडे रीत. त्यामुळे १३९२ ते १९१० पर्यंत राज्य करणारे घराणे ‘चोन्जूचे यी’ म्हणून ओळखले जाते. २०१५च्या जनगणनेत या कुळाचे २६ लाखांवर लोक होते! सारेच काही राजाचे वंशज नव्हेत. राजेशाहीच्या उत्तरार्धात पैसे मोजून वंशावळीत नाव घालून घेण्याचे प्रकार सर्रास होत. त्यात मान होता आणि लष्करी करातून सूटही होती.

देशाचे पहिले अध्यक्ष सिंगमन ऱ्ही याच कुळातले. (यी, ली, ऱ्ही ही एकाच आडनावाची रूपे.) १४१८ साली युवराजपदावरून दूर केलेल्या यांगन्योंग यांचे ते सोळावे वंशज. घरची परिस्थिती बेताची, पण वडिलांना वंशावळीचा भारी अभिमान. गंमत अशी की, १९४८ साली हेच ऱ्ही सत्तेवर आल्यानंतर राजघराण्याची मालमत्ता सरकारजमा झाली आणि जपानमध्ये असलेले युवराज यी उन यांना त्यांच्या कारकिर्दीत मायदेशी परतता आले नाही. ते परतले १९६३ साली. राजवंशाचा मान हवा, पण राजवंशाचा वारस समोर नको, असाच याचा अर्थ मी लावतो.

ऱ्हींचा एकुलता मुलगा लहानपणीच गेला होता. १९५७ साली त्यांनी आपले निकटचे सहकारी ली की-पुंग यांचा मुलगा दत्तक घेतला. तेही चोन्जू यी कुळातलेच, फक्त शाखा वेगळी. घरचे नाते आणि सत्तेचे नाते असे एकात एक गुंतले. मार्च १९६० मध्ये याच ली की-पुंगांना उपाध्यक्ष करण्यासाठी निवडणुकीत उघडउघड लबाडी झाली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबारात शंभराहून अधिक माणसे मेली आणि ऱ्हींना पायउतार व्हावे लागले. पाठोपाठ त्या दत्तकपुत्राने जन्मदाते आईवडील व भाऊ यांना गोळ्या घालून स्वतःलाही संपवले.

परागंदा ऱ्हींनी १९६१ साली पुन्हा दत्तक घेतला तो यी इन-सू यांना; यांगन्योंगच्याच शाखेतला, सतरावा वंशज. वहीतली ओळ पुढे सरकली. पण याच इन-सू यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, १९६०च्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत जाऊन माफी मागितली. दोन महिन्यांनी ते निवर्तले. वारसाहक्काने नाव मिळते तसे ऋणही येते, हे त्यांनी मान्य केले.

वही स्वतःही बदलते आहे. १४७६च्या त्या जोकबोत मुलगे आणि मुली जन्मक्रमाने लिहिलेल्या होत्या. पुढे मुली मागे ढकलल्या गेल्या. आपल्याकडच्या सगोत्र विवाहबंदीसारखी तिथली एककुल विवाहबंदी १९९७ साली घटना न्यायालयाने अवैध ठरवली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलींनाही कुळाच्या संस्थेचे सभासद मानले, आणि कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावाने चालणारी नोंदणी २००८ साली इतिहासजमा झाली.

मला यातून एवढेच कळते की, वंशावळ आपण कुठून आलो ते सांगते. कुणी राज्य करावे, हे ती सांगू शकत नाही. तो अधिकार मतपेटीचा. आणि घरातल्या मुलीचे नाव ज्या वहीत मुलाच्या बरोबरीने लागत नाही, ती वही कितीही जुनी असली तरी अपुरीच म्हणायची.