नाव ठेवलं, जहाज मोडलं

नौदलाची एक जुनी रीत आहे. जहाज निवृत्त झालं तरी त्याचं नाव निवृत्त होत नाही, ते पुढच्या जहाजाला देतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली, तीही जुनाच आर-११ क्रमांक घेऊन. आनंद झालाच. पण "विक्रांत परत आली" म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, पहिली गेली कुठे?

डिसेंबर १९७१ मध्ये जिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, ती पहिली. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात विकली आणि दारूखान्यात तोडली. तिचं काही पोलाद मोटारसायकलींत वापरलं गेलं!

म्हणे, देखभाल परवडत नव्हती. खर्च मोठा, हे मान्य. पण विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून लोकांना पाहायला ठेवली आहेच ना? ती लहान असेल, पण त्यांनी इच्छा तरी दाखवली. आपल्याकडे २०१८ मध्ये 'विराट'चं संग्रहालय करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि २०२० मध्ये ती अलंगला तोडायला गेली.

नाव पुढे चालवायला पैसे लागत नाहीत. म्हणूनच ती एवढी परंपरा आपण इमानाने पाळतो. उद्या 'विक्रमादित्य'ही निवृत्त होईल. तिची जागा आणि तिचा खर्च आजच ठरवा, लिलावाची जाहिरात आल्यावर नको.