पेंग्विनच्या शेजारी कोण राहतं?

राणीच्या बागेत तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? शाळेची सहल धरायची नाही. भाचरांना पेंग्विन दाखवायला गेला असाल तर ते चालेल. आता खरा प्रश्न. बागेच्या तोंडाशीच एक देखणी जुनी इमारत आहे, तिच्यात कधी शिरलात का?

आमच्या ऑफिसात लंच टेबलवर मी हाच प्रश्न टाकून पाहिला. अकराजणांत दोन हात वर गेले. एकाला तर ते महापालिकेचं वॉर्ड ऑफिस वाटलं होतं! सगळे हसले, पण गडी अगदीच चुकला नव्हता. इमारत खरोखरच महापालिकेच्या मालकीची आहे. म्हणजे तुमची-माझी. नाव, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

'म्यूझियम' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो हे मान्य. पण याची स्टोरी भन्नाट आहे. १८५५ साली फोर्टातल्या लष्करी बराकींमध्ये हे सुरू झालं, तेव्हा त्याच्या पाटीवर निसर्गेतिहास, अर्थव्यवहार, भूगर्भशास्त्र, उद्योग आणि कला असं सगळं एकदम होतं. सायन्सवाले वेगळे आणि आर्ट्सवाले वेगळे ही आपली अकरावीच्या अॅडमिशनची वाटणी तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हती. दोनच वर्षांत १८५७चा उठाव झाला, लष्कराला बराकी परत हव्या झाल्या आणि संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. बऱ्याच वस्तूंचं मातेरं झालं.

मग शहरातली मंडळी उभी राहिली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि आपले डॉ. भाऊ दाजी. १८५८पासून त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली, १८६२मध्ये भायखळ्याला पायाभरणी झाली.

हे भाऊ दाजी म्हणजे अजब रसायन होतं. मूळ गोव्यातल्या पेडण्याकडच्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. आणि तोच माणूस अजिंठ्याचे शिलालेख वाचायचा, नाटकवाल्यांच्या पाठीशी उभा राहायचा. दोनदा मुंबईचे शेरीफही झाले. आपल्याला एक ॲप्रेझल सांभाळताना घाम फुटतो!

पुढचा भाग तुमच्यापैकी डीमॅट अकाऊंटवाल्यांनी नीट वाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यावर शेअर्सचा फुगा फुगला, आणि १८६५ला युद्ध संपताच तो फुटला. वर्गणीदारांचेच खिसे रिकामे झाले. भाऊ दाजीही त्यात पोळले. काम रखडलं. शंकरशेट त्याच वर्षी गेले, त्यांना ही वास्तू पुरी झालेली दिसलीच नाही. दरवाजे उघडले ते २ मे १८७२ला. भाऊ दाजी पुढच्या दोनच वर्षांत गेले. त्यांचं नाव पाटीवर यायला १९७५ उजाडलं, तोवर ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमच होतं.

पालिकेच्या ताब्यातल्या वास्तूचं जे व्हायचं ते याचंही झालं. धूळ, ओल, पिवळे पडलेले दिवे. मग २००३मध्ये पालिका, 'इन्टॅक' आणि जमनालाल बजाज फाऊंडेशन यांचा करार झाला आणि डागडुजी सुरू झाली. २००५मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकमधला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुलं झालं. आत पाय टाकला की मान आपोआप वर जाते. रंगवलेलं छत, लोखंडी नक्षीचे खांब, सोनेरी काम, सगळं लखलखीत. मला विचाराल तर वरच्या मजल्यावर जास्त वेळ काढा. तिथे जुनी मुंबई आहे. नकाशे, बोटींच्या प्रतिकृती, नाना जातीजमातींच्या मातीच्या चिमुकल्या मूर्ती आणि त्यांच्या डोक्यावरच्या तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या. आपण लोकलच्या एका डब्यात जेवढी मुंबई बघतो, तेवढी इथे काचेमागे शांत बसलेली असते. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया या आजच्या चित्रकार-शिल्पकारांनी त्याच जुन्या कपाटांच्या मधोमध आपली कामं मांडली. जुनं आणि नवं एकमेकांकडे डोळे वटारून बघतंय, असं काहीतरी. मला तरी ते जाम आवडलं होतं.

एवढं सगळं असून २०२०मध्ये कोरोनात बंद झालेलं हे घर, दुरुस्तीची कामं निघत गेली आणि उघडलं थेट जानेवारी २०२५मध्ये. पाच वर्षं म्हणजे जवळजवळ एक नगरसेवकाची टर्म! त्या काळात तुमच्या वॉट्सअॅप ग्रुपवर कुणी हळहळल्याचं आठवतंय? कोपऱ्यावरचा कॅफे पंधरा दिवस बंद राहिला तर आपण जगाला कळवतो. २०१४मध्ये शेजारी नवी विंग बांधायला आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, अमेरिकन आर्किटेक्ट स्टीव्हन हॉल यांचं डिझाइन जिंकलं, फोटोबिटो छापून आले. विंग कागदावरच राहिली. कारणं पालिकेने द्यावीत, पण विचारणारे आपणही नव्हतो. ज्या वास्तूसाठी एके काळी मुंबईकरांनी वर्गणी काढली, तिच्याबद्दल एक साधं ई-मेल आपल्या वॉर्डाला पाठवायला काय हरकत आहे?

तर या शनिवारी भायखळ्याला उतरा. ईस्टला बाहेर पडून चालत जाता येतं. बुधवारी सुट्टी असते, तेवढं लक्षात ठेवा. तिकिटाला कॉफीच्या एका मगाएवढेसुद्धा पैसे पडत नाहीत. आणि बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यामुळे. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग तुकडे इथे आणले आणि १९१४मध्ये पुन्हा जोडले. नीट पाहिलंत तर सांधे दिसतात.