प्रसाधन की औषध?

उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारे सनस्क्रीन आपल्याकडील दुकानांत बहुधा सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर असते. पूर्व आफ्रिकेतील टांझानियात मात्र हजारो व्यक्तींसाठी ते जीवनावश्यक आहे.

त्वचा, केस व डोळे यांत मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मतः नसणे वा अत्यल्प असणे म्हणजे अल्बिनिझम. तो कोड नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. युरोप-अमेरिकेत त्याचे प्रमाण सुमारे १७,००० ते २०,००० लोकांमागे एक, तर टांझानियात सुमारे १,४०० लोकांमागे एक असे मानले जाते. विषुववृत्तानजीकच्या प्रखर उन्हात राबणाऱ्या अशा व्यक्तींना ऐन तारुण्यातच त्वचेचा कर्करोग गाठतो. त्यात अंधश्रद्धेपोटी होणाऱ्या हल्ल्यांची भर. म्हणूनच २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचे पद निर्माण केले. त्यावर प्रथम नियुक्त झालेल्या नायजेरियाच्या विधिज्ञ इक्पोन्वोसा एरो यांना स्वतःलाही अल्बिनिझम आहे.

टांझानियातील मोशी येथे, किलिमांजारोच्या पायथ्याशी, युरोपीय सहकार्यातून 'किलिसन' हे सनस्क्रीन तयार होते. ते विनामूल्य दिले जाते, सोबत त्वचेची तपासणीही होते.

वाचकहो, वस्तू कोणत्या खात्यात नोंदवली यावर तिचे महत्त्व ठरते, हे आपण व्यवहारात जाणतो. सनस्क्रीन प्रसाधनाच्या खात्यात गेले की तो ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा प्रश्न होतो. औषधाच्या खात्यात आले की ते पुरविणे समाजाचे व शासनाचे कर्तव्य ठरते. आरोग्यातील समतेचा आरंभ या नोंदीपासून होतो.