उरलेले दोन पर्याय

सीसॅटचा पेपर देऊन आलेली मुलं भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दोन पर्याय उडवले, उरलेल्या दोनात फसलो." त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्या क्षणी 'यातला बरोबर कोणता' हे विचारणं सोडा. दोन्ही बरोबरच वाटणार, ते तसेच घडवलेले असतात. 'यातली कोणती गोष्ट उताऱ्यात नाही' असं विचारा.

समजा उतारा असा आहे: 'ठिबक बसवल्यावर उसाला एकरी लागणारं पाणी कमी झालं. वाचलेल्या पाण्यावर अनेकांनी उसाचं क्षेत्र वाढवलं.' अनुमान काय? उरले दोन पर्याय. एक, ठिबकमुळे गावाचा एकूण पाणीवापर वाढला. दोन, एकरी पाणी वाचलं म्हणून गावाचा एकूण वापर कमी होईलच असं नाही. पुष्कळ जण पहिल्यावर खूण करतात. तो ठाम आहे, शिवाय आपल्या शिवारात तसं घडताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण क्षेत्र नेमकं किती वाढलं, हे उतारा सांगतो का? नाही. मग वापर वाढला, हे कशावरून? दुसरा पर्याय मिळमिळीत वाटतो, पण उताऱ्यातून निघतं ते एवढंच. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला स्वतःचं पाहिलेलं बाजूला ठेवणं जड जातं, हे मी जाणतो. तेवढ्या दोन तासांपुरतं ठेवा.

गृहीतक विचारलं असेल, तर पर्याय उलटा करून बघा. 'ठिबकला अनुदान द्या, भूजल वाचेल,' असं लेखक म्हणतो. 'वाचलेलं पाणी दुसरीकडे वापरलं जाणार नाही' हा पर्याय उलटा केला की त्याचं म्हणणं कोसळतं. म्हणजे गृहीतक हेच. 'ठिबक सगळ्यांना परवडतं' हा उलटा केला तर अनुदानाची मागणी उलट बळकट होते. तो सोडा.

यूपीएससीचा हा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, तेव्हा छोट्या शब्दांशी मराठीतून झटापट करा. 'पाऊस पडला तर पेरणी' आणि 'पडला तरच पेरणी' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तोच 'च' इंग्रजी वाक्यात शोधा.

आता हिशोब. 80 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. बरोबर उत्तराला 2.5 गुण, चुकल्यास 0.83 वजा, आणि 200 पैकी 66 मिळाले की पात्र. दोन पर्याय खात्रीने उडाले असतील तर अंदाजानेही खूण करा, हिशोब तुमच्या बाजूने आहे. एकही उडाला नसेल तर प्रश्न सोडून पुढे चला.

आयोगाच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट मिळतात. रोज दहाच प्रश्न घ्या, पण टाकून दिलेला जवळचा पर्याय का चुकीचा, हे एका वाक्यात वहीत लिहा. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर उत्तर बरोबर आलेलं असलं तरी तो प्रश्न आठवड्याने पुन्हा सोडवा.