सारसाचे घरटे आणि पाहणाऱ्याची हद्द

महाराष्ट्रात सारस हा पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि थोड्याबहुत प्रमाणात भंडाऱ्यात उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी वेढलेल्या शेताच्या तुकड्यात, किंवा बोडीत, म्हणजे शेतातील लहान तळ्यात, घरटे करतो. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावापासून अशा शिवारांत दुचाकीवर सहज पोहोचता येत असल्यामुळे, घरट्याजवळ कोणी आणि कुठवर जावे, हा प्रश्न येथे निव्वळ तात्त्विक राहत नाही.

या प्रश्नावर हौशी छायाचित्रकारांचा पूर्वपक्ष असा, की सारस हा माणसांतच वावरणारा पक्षी आहे. रोवणी आणि निंदण त्याच्या डोळ्यांदेखत चालते, तेव्हा दुरून टिपलेल्या एखाद्या छायाचित्राने त्याचे काही बिघडत नाही, उलट ते पाहून लोकांत त्याच्याविषयी जिव्हाळाच वाढतो.

या युक्तिवादातील पहिले विधान खरे असले, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शेतकरी नेहमीच्या वेळी नेहमीच्या धुऱ्याने जातो आणि आपल्या कामात खाली वाकलेला असतो. परका माणूस मात्र थेट घरट्याकडे चालत येतो, थांबतो आणि रोखून पाहतो, आणि या दोन वागण्यांतला फरक पक्ष्याला नेमका कळतो. गवत व पाणवनस्पती रचून पाण्यातून वर उचललेला तो रुंद ढीग उघड्यावरच असतो. त्यात बहुधा दोनच अंडी असतात आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. बसलेला पक्षी उठून दूर गेला, की अंडी कावळ्यांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. लेन्स कितीही लांबची असो, ती धरणारा पाहुणा नवखाच असतो. ड्रोनबद्दल तर बोलायलाच नको. प्रसिद्धीमुळे संरक्षण होते, हेही अर्धसत्यच आहे, कारण छायाचित्रासोबत गावाचे नाव फिरू लागले, की पुढे तेथे कोण येईल, यावर छायाचित्रकाराचा ताबा राहत नाही.

तथापि, यावर उपाय म्हणून निरीक्षणच बंद करावे, हे दुसरे टोकही ग्राह्य धरता येत नाही. गोंदियात वन विभाग, सेवा ही संस्था आणि स्थानिक शेतकरी मिळून सारसांची गणना करतात. जोडी कोणत्या शिवारात आहे हे ठाऊक नसते, तर तिचे रक्षण तरी कोणी केले असते? प्रश्न पाहण्याचा नसून पाहण्याच्या रीतीचा आहे. अंतराचा एकच ठरावीक आकडा सांगण्यापेक्षा पक्ष्याचे वर्तन हेच माप मानावे: बसलेल्या सारसाने मान उंच करून पाहणाऱ्याकडे नजर लावली, की पाहणारा हद्दीबाहेर आला असे समजून त्याने मागे फिरावे. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधीत उतरू नये, आणि पिल्ले मोठी होऊन उडू लागेपर्यंत ठिकाण जाहीर करू नये.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही समाविष्ट आहे. म्हणजे बंदूक न उचलताही हा गुन्हा घडू शकतो. ज्यांना सारस पाहायचाच आहे, त्यांनी पावसाळ्यातली ही घाई सोडून हिवाळ्यात परसवाड्याच्या तलावावर यावे आणि पाळीवरूनच पाहावे.