विस्तार कीं वाढ?

एखाद्या कंपनीनें नव्या देशांत कचेरी उघडली, नव्या मालाचा व्यापार आरंभिला, कीं तिची भरभराट चालली आहे असें समजण्याची संवय आपल्या सुशिक्षित वर्गास जडली आहे. एन्रॉन कंपनीचें नांव निघालें म्हणजे या संवयीचें खरें स्वरूप दिसूं लागतें. दिवाणखान्यांतून तिच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, धंदा उत्तम होता, चार लबाडांनीं तो बुडविला. दुसरें असें कीं, आपल्या राजकारणी पुरुषांनीं दाभोळचा प्रकल्प मोडला आणि महाराष्ट्रास अंधारांत लोटलें. दोन्ही मतें आम्हांस सारखींच अग्राह्य वाटतात. लबाडी झाली हें खरें, राजकारण झालें हेंही खरें. परंतु ज्या विस्ताराची एवढी वाखाणणी झाली, तो विस्तारच या प्रकरणांतील मूळ दोष होय, असें आमचें म्हणणें आहे.

१९८५ सालीं हूस्टन येथील एक व ओमाहा येथील एक अशा दोन गॅस कंपन्यांच्या संयोगांतून एन्रॉन निर्माण झाली. केनेथ ले हे तिचे प्रमुख. नळांतून गॅस वाहून नेणें हा तिचा मूळचा, कांहींसा रुक्ष, परंतु प्रामाणिक धंदा. पुढें १९९० सालीं जेफ्री स्किलिंग हे गृहस्थ तींत आले आणि कंपनीनें गॅसची जणूं पेढीच उघडली. विकणाऱ्याकडून ठराविक भावानें माल घ्यावयाचा, घेणाऱ्यास वर्षानुवर्षें ठराविक भावानें द्यावयाचा, आणि मधल्या चढउताराची जोखीम आपण उचलावयाची. हें काम उपयुक्त होतें. तें नाकारण्याचें आम्हांस कारण नाहीं.

घात झाला तो हिशेबाच्या पद्धतीनें. १९९२ सालीं अमेरिकेच्या रोखे-नियंत्रक मंडळानें या कंपनीस अशी मुभा दिली कीं, दीर्घ मुदतीचा करार होतांच पुढील सर्व वर्षांचा अपेक्षित नफा त्याच दिवशीं जमेस धरावा. आमच्याकडील खेडुतानें हें ऐकलें असतें तर ‘बाजारांत तुरी, भट भटणीला मारी’ एवढेंच म्हणून तो आपल्या कामास लागला असता. परंतु या पद्धतीचा खरा परिणाम त्या म्हणीहूनही खोल आहे. वीस वर्षांचा नफा यंदाच खाऊन टाकल्यावर पुढील वर्षाची वही कोरीच राहते. भागधारकांस मात्र यंदाहून अधिक नफा दाखवावयाचा असतो. तेव्हां त्याहून मोठे करार हवेत, आणि जुन्या बाजारांत ते मिळेनासे झाले कीं नवे बाजार हवेत. नवा बाजार ही या कंपनीची हौस नव्हती, निकड होती.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तिच्या पुढील उड्यांचा अर्थ लागतो. गॅसमागून वीज आली. १९९७ सालीं तिनें पोर्टलंड येथील वीज कंपनी घेतली आणि हवामानाचे सौदेही सुरू केले. १९९८ मध्यें इंग्लंडांतील वेसेक्स वॉटर ही पाणी पुरविणारी कंपनी घेतली. १९९९ मध्यें संगणकावरून सौद्यांचा बाजार मांडला. २००० सालीं ब्लॉकबस्टर कंपनीशीं घरोघर तारांतून चित्रपट पोंचविण्याचा वीस वर्षांचा करार झाला. गिऱ्हाईक जवळजवळ कोणीच नव्हतें, तरी वहींत अकरा कोटि डॉलर नफा चढला. आणि मार्च २००१ मध्यें करारच मोडला!

उलाढालीचा आंकडा तर याहून मौजेचा. १९९९ मध्यें सुमारें ४,००० कोटि डॉलर असलेली उलाढाल २००० सालीं १०,००० कोटींच्या वर गेली. लासलगांवचा अडत्या लाखाचा कांदा विकून देतो, तेव्हां आपली अडत तेवढी उत्पन्न म्हणून लिहितो. लाख रुपये मिळविले असें तो म्हणाला तर त्याचा मुनीमदेखील हंसेल. एन्रॉन मात्र कांद्याची संपूर्ण किंमत लिहीत होती. त्या वर्षींचा तिनें दाखविलेला नफा ९८ कोटि डॉलरांच्या आसपास, म्हणजे उलाढालीच्या शेंकडा एकाहूनही कमी. आणि तोही वर सांगितलेल्या पद्धतीचा! फॉर्च्युन मासिकानें १९९६ पासून सतत सहा वर्षें तिला अमेरिकेंतील सर्वांत कल्पक कंपनी ठरविलें. कल्पकता होती, यांत संशय नाहीं.

आतां दाभोळ. जी कंपनी जोखमीचा व्यापार करते म्हणून जगांत मिरवीत होती, तिनें कोंकणांत कोणती जोखीम घेतली, हा प्रश्न आमच्याकडे फारसा कोणी विचारला नाहीं. डिसेंबर १९९३ च्या कराराप्रमाणें वीज घेतली न घेतली तरी स्थिर आकार राज्य वीज मंडळानें द्यावयाचा. इंधनाचा भाव चढला, तो मंडळाच्या माथीं. रुपया घसरला, तोही मंडळाच्या माथीं. त्यावर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर १९९४ सालीं केंद्र सरकारची प्रतिहमी. प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाहीं असें जागतिक बँकेनें १९९३ मध्येंच कळविलें होतें. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनीं तेंच पुढें आंकडेवार मांडलें. उलट बाजूस, भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर व प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारें दोन कोटि डॉलर खर्च झाल्याचें कंपनीच्या एका अधिकारी बाईंनीं १९९५ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें सांगितलें. हें शिक्षण कोणास मिळालें, तें वाचकांनीं आपल्या मनाशीं ठरवावें.

त्याच वर्षीं एन्रॉन अरबी समुद्रांत बुडविण्याची घोषणा करून नवें सरकार आलें. त्यानें ऑगस्टमध्यें करार रद्द केला आणि १९९६ च्या आरंभीं तोच पुन्हां जिवंत केला. पूर्वीं दुसरा टप्पा घेणें मंडळाच्या मर्जीवर होतें, आतां तें बंधनकारक झालें. प्रकल्पही २,०१५ मेगावॅटवरून २,१८४ वर गेला. समुद्रांतून वर निघतांना तो फुगूनच निघाला! जून १९९७ मध्यें विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळी वस्तींत पहाटे पोलिस शिरून बायकांस मारझोड झाली, हें ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनें त्याच वर्षीं नोंदवून ठेविलें आहे. नव्या बाजारांत प्रवेश, म्हणतात तो हा.

मे १९९९ मध्यें ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालूं झाला. इंधन नाफ्था, आणि तेलाचे भाव चढते. वीज महाग म्हणून मंडळानें ती कमी घ्यावी, तों स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून ती आणखी महाग व्हावी, असें तें चक्र होतें. कांहीं महिन्यांत युनिटमागें ७ रुपयांच्या वर दर पडला. स्वतःचीं स्वस्त केंद्रें मंद ठेवून मंडळ ही वीज घेत होतें. मे २००१ मध्यें मंडळानें करार रद्द केला व केंद्र बंद पडलें.

‘मोडलें म्हणून अंधार झाला’ असें म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न असा कीं, या दरानें दुसरा टप्पाही घेऊन मंडळ किती महिने उभें राहिलें असतें? २००५ मध्यें तेंच केंद्र सरकारी कंपन्यांच्या हातीं गेलें. तेंही पुढें गॅसच्या अभावीं अडलें. राजकारण्यांचा द्वेष गॅस आणूं शकत नाहीं, तसा कंपनीचा अभिमानही आणूं शकत नाहीं.

राहिले ते ‘चार लबाड’. २ डिसेंबर २००१ रोजीं एन्रॉननें दिवाळें काढलें. ले व स्किलिंग यांस २००६ सालीं दोषी ठरविण्यांत आलें. परंतु १९९२ ची मुभा उघड होती, दाभोळचा स्थिर आकार करारांतच होता, आणि करार जुळतांच अपेक्षित नफ्याच्या प्रमाणांत बक्षिसें देण्याची कंपनीची रीत होती. केंद्र पुढें चालो वा न चालो, बक्षीस पदरीं पडलेलें असे. अशा धंद्यांत चार साधुपुरुष बसविले असते तरी त्यांसही दर तिमाहीस नवें दाभोळ शोधीत हिंडावें लागलें असतें.

आपल्याकडे २००३ च्या विद्युत् अधिनियमानें विजेचा व्यापार हा परवान्याचा स्वतंत्र धंदा ठरविला, आणि २००८ पासून विजेचे बाजारही भरूं लागले. केंद्रीय विद्युत् नियामक आयोगानें २००६ सालीं व्यापाऱ्याच्या नफ्यावर युनिटमागें ४ पैशांची मर्यादा घातली. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१० सालीं तेथें व्यापाऱ्यांस यश आलें नाहीं. हे चार पैसे म्हणजे उद्योगाच्या पायांत घातलेली बेडी, असें ज्यांस वाटतें त्यांनीं दाभोळचीं २००० सालचीं बिलें एकदां समोर घेऊन बसावें.